पेट्रोलचा काटा चुकतोय? टाकी उघडण्याआधी या चुका टाळा

पेट्रोलचा काटा अडकला की लोक थेट मागची सीट उचलून टाकीचं झाकण खोलायला बसतात. हे बघून खरंच जीव तुटतो. टाकी उघडायची ती सगळं तपासून झाल्यावर, आणि ही मंडळी सुरुवातच तिथून करतात.

टाकीच्या आतली रचना साधी आहे. फ्लोट, म्हणजे हलका तरंगता तुकडा, इंधनावर तरंगतो, त्याच्या दांडीचं टोक एका पट्टीवर घासत फिरतं आणि त्या जागेनुसार रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. सेंडरची एक वायर मीटरकडे जाते, दुसरी बॉडीला, म्हणजे अर्थला. काट्याला कळतो तो फक्त रेझिस्टन्स. वाटेत गंजामुळे दहा-वीस ओहम वाढले, तर तेही तो इंधनाच्या हिशेबात धरतो.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अर्थ न तपासणं. एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा सेंडर दोनदा आणि डॅशबोर्डवरचा मीटर एकदा बदलून झाला होता. तरी टाकी काठोकाठ भरली की काटा अर्ध्याच्या आसपासच. मालक अगदी रडकुंडीला आले होते. मी काहीच खोललं नाही, गाडी घेऊन एक चक्कर मारली. दिवेलागण झाली, हेडलाइट लावले आणि काटा हळूच आणखी खाली सरकला. ब्रेक दाबून धरला, अजून थोडा खाली. दिवे बंद केले, परत वर. मागचे दिवे आणि सेंडर, दोघांची अर्थ एकाच बोल्टवर होती. डिकीतलं कार्पेट उचललं तर त्या बोल्टखालचा वायसर गंजून फुगलेला, आणि वायरचं टर्मिनल बोटाने गोल फिरत होतं. मल्टिमीटरचं एक टोक सेंडरच्या अर्थ वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. दिवे चालू असताना दीड व्होल्ट! तिथे ०.१ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवं टर्मिनल लावलं, वरून ग्रीस चोपडलं. वीस मिनिटांत काटा फुलवर. तोवर दोन चांगले सेंडर मात्र भंगारात गेले होते.

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी दिवे, ब्रेक, वायपर एकेक चालू करतो आणि काट्याकडे बघत बसतो. एखाद्या गोष्टीबरोबर काटा हलला, तर अर्धं निदान तिथेच झालं.

फ्यूज न बघता मीटर उतरवू नका. जुन्या गाडीत पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदम चुकायला लागले, तर मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर (दोन्ही काट्यांना एकसारखा व्होल्टेज देणारा भाग) आधी तपासा. चढावर उभ्या केलेल्या गाडीचं रीडिंग खरं धरू नका.

सेंडरची मीटरकडे जाणारी वायर बॉडीला टेकवून काटा फुलवर जातो का बघायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. जुन्या, एका वायरच्या गेजवर, म्हणजे मीटरवर, ती चालते, तीही दोन-चार सेकंदांपुरती. काही गेजचा काटा त्याने फुलऐवजी एम्प्टीकडे जातो, हेही लक्षात असू द्या. ज्या गाडीत सेंडरचं रीडिंग आधी कंप्युटरकडे जातं, तिथे हा प्रयोग करूच नका. गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०४६२ हा कोड म्हणजे सिग्नल कमी येतोय, पी०४६३ म्हणजे जास्त. कोड आला म्हणजे सेंडर गेला असं नाही. वायर तुटली तरी कोड येतो.

दुसरी चूक नवशिक्यांची, आणि ती निव्वळ घाईपोटी होते. सेंडर बाहेर काढतात, दांडी एकदा पूर्ण खाली, एकदा पूर्ण वर करून रेझिस्टन्स मोजतात. दोन्ही आकडे बरोबर आले की ‘सेंडर ओके’. पट्टी झिजते ती बहुतेक मधल्या भागात, जिथे फ्लोट रोज वरखाली होतो. दांडी अगदी सावकाश फिरवा, टोकापासून टोकापर्यंत अर्धा मिनिट तरी घ्या. आकडा सलग चढला किंवा उतरला पाहिजे. मधेच उडी मारली किंवा सर्किट तुटलं, तर तीच मेलेली जागा. अर्ध्या टाकीला काटा अचानक पडतो तो यामुळेच. त्याच वेळी फ्लोट कानाजवळ धरून हलवा. पोकळ फ्लोटमध्ये पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

दांडी वाकवून काटा ‘जुळवणारे’ लोक मला अजिबात पटत नाहीत. फुलला जुळवलं की एम्प्टीला चुकतं, आणि मग माणूस रस्त्यात अडकतो.

नवा सेंडर नुसता बसतोय म्हणून घेऊ नका. काही गेजना रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ लागतात. काहींना उलट, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. जोडी चुकली तर काटा उलटा चालतो.

टाकी उघडावीच लागली, तर पाव टाकीच्या खाली इंधन आल्यावर, गाडी थंड असताना, उघड्यावर. बॅटरीचा निगेटिव्ह काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, म्हणून बंद गॅरेजमध्ये हे काम मी कधीच करत नाही. सेंडर टाकीला धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगवर लोखंडी छिन्नी ठोकू नका, ठिणगी उडते. मी पितळेचा तुकडा आणि लाकडी हातोडा वापरतो. सेंडर सरळ वर ओढला तर दांडी काठाला अडकून वाकते, तिरका करून काढा. झाकणाखालचा जुना ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, पेट्रोलने फुगलेला असतो, तो परत बसत नाही. नवा आधीच आणून ठेवा.

सीट लगेच बसवू नका. इंजिन सुरू करून रिंगभोवती कोरडं फडकं फिरवा, ओल लागते का बघा. मग पाच-पाच लिटर इंधन टाकत काटा दरवेळी किती चढतो ते कागदावर लिहा. काही गाड्यांत किल्ली बंद करून परत चालू केल्याशिवाय काटा नवं रीडिंग घेत नाही, तेवढा धीर धरा.