रिग्ली फील्डवर सामना पाहायला जाताना

शिकागोच्या उत्तर भागात, क्लार्क आणि अ‍ॅडिसन हे रस्ते जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, १९१४ साली बांधलेले रिग्ली फील्ड उभे आहे. १९१६ पासून ते शिकागो कब्स या बेसबॉल संघाचे घरचे मैदान असून, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत आज वापरात असलेल्या मैदानांपैकी बॉस्टनचे १९१२ सालचे फेनवे पार्क तेवढे त्याहून जुने आहे. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना शिकागोत काय दाखवावे, असा प्रश्न अनेक मराठी घरांत पडतो. उंच इमारती आणि तळे पाहून झाल्यावर एक दुपार या मैदानासाठी अवश्य राखून ठेवावी. मात्र नव्या स्टेडियमवर कुठलेही तिकीट काढून गेले तरी चालते, तसे इथे चालत नाही. या मैदानाचे खांब, वेली, वारा आणि ऊन हे सगळे सामन्यात भाग घेतात. त्यामुळे कुठल्या महिन्यात जायचे आणि नेमके कुठे बसायचे, याचा विचार घरीच करून निघालेले बरे.

सामना शक्यतो दुपारचा निवडावा. या मैदानावर १९८८ पर्यंत दिवे नव्हते. १९४१ साली मालकांनी दिव्यांसाठी सामान आणून ठेवले होते, पण त्याच डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ते सगळे सामान युद्धकार्यासाठी देऊन टाकण्यात आले. पुढे काही दशके मालकांना दिव्यांची निकड वाटली नाही, आणि जेव्हा वाटली तेव्हा भोवतालच्या रहिवाशांनी विरोध केला. अखेर ८ ऑगस्ट १९८८ रोजी दिवे लागले, तर पावसाने तो सामना अर्ध्यावरच बंद पाडला. म्हणून दिव्यांखालचा पहिला पूर्ण सामना ९ ऑगस्टचा मानला जातो. आजही या संघाचे बरेच घरचे सामने दुपारी, बहुधा एक वाजून वीस मिनिटांनी सुरू होतात, आणि मैदानाचा मूळ स्वभाव त्याच वेळी दिसतो.

हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यांतले निम्मे घरच्या मैदानावर होतात, त्यामुळे तारखांची वाण नसते. एप्रिलमध्ये मिशिगन तळ्यावरून येणारा वारा हाडांपर्यंत पोहोचतो, आणि ज्या वेलींसाठी हे मैदान प्रसिद्ध आहे त्या तेव्हा नुसत्या वाळक्या काड्या असतात. भिंत हिरवी झालेली पाहायची असेल तर जून ते सप्टेंबर हा काळ धरावा. सेंट लुईस कार्डिनल्स हा संघ येतो तेव्हा जुन्या वैरामुळे तिकिटे महाग होतात आणि गर्दीही वाढते. पहिल्याच भेटीसाठी आठवड्याच्या मधल्या वाराचा, एखाद्या कमी चर्चेतल्या संघाबरोबरचा सामना अधिक सोयीचा ठरतो.

आता जागेविषयी, आणि याबाबत थोडे सविस्तरच सांगितले पाहिजे. खालच्या प्रेक्षागृहात मागच्या बाजूला, २०० च्या क्रमांकांच्या विभागांत, वरचा मजला तोलून धरणारे पोलादी खांब उभे आहेत. या खांबांच्या मागे जागा मिळाली तर कधी पिचर (चेंडू टाकणारा), तर कधी फलंदाज दिसेनासा होतो आणि दर चेंडूला मान तिरकी करावी लागते. शिवाय अगदी मागच्या रांगांवर वरचा मजला छतासारखा येत असल्याने उंच उडालेला चेंडू नजरेआड होतो, आणि तो कुठे पडणार हे क्षेत्ररक्षकाच्या धावण्यावरून ताडावे लागते. याच रांगांना दुपारी सावली मिळते, ही गोष्ट जुलै महिन्यात मोलाची वाटते. एप्रिलमध्ये मात्र तीच सावली असह्य होते.

खांबांचा दुसरा परिणाम सहसा कोणी सांगत नाही. वरच्या मजल्याचा भार खालच्या खांबांवर असल्यामुळे तो मजला मैदानाच्या बराच जवळ आणता आला आहे. आधुनिक स्टेडियममध्ये खांब टाळण्यासाठी वरचे मजले मागे आणि उंच सारावे लागतात, आणि तिथल्या स्वस्त जागांवरून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. इथे ३०० च्या क्रमांकांचे विभाग, विशेषतः होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या मागचे, माझ्या मते संपूर्ण मैदानातली सर्वांत शहाणपणाची जागा आहे. तिथून चेंडूचे वळण, क्षेत्ररक्षकांची मांडणी आणि भिंतीपलीकडची वस्ती एकाच नजरेत येते, आणि स्वच्छ हवेत तळ्याची निळी कडही दिसते. तिकीट काढताना ‘दृष्टी अडते’ अशा अर्थाची सूचना दिसली तर ती गांभीर्याने घ्यावी. गुडघ्यांचा त्रास असलेले कोणी बरोबर असेल तर लिफ्टची आणि कमी पायऱ्यांच्या जागेची चौकशी तेव्हाच करावी.

मैदानाच्या दूरच्या टोकाला, भिंतीवरच्या बाकांना ब्लीचर्स म्हणतात. तिथे वर छप्पर नाही, बहुतेक जागांना क्रमांकही नसतो. जो लवकर येईल तो चांगली जागा धरतो. त्यांचे प्रवेशद्वार वेव्हलँड आणि शेफील्ड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, म्हणजे मुख्य दाराच्या विरुद्ध बाजूला आहे, हे ध्यानात न ठेवल्यास मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घडते. इथला प्रेक्षक बोलका, बिअर पिणारा आणि कडवा असतो. पाहुण्या संघाच्या फलंदाजाने मारलेला होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा, थेट भिंतीपार गेलेला फटका) या बाकांवर येऊन पडला, तर तो चेंडू परत मैदानात भिरकावण्याचा रिवाज आहे, आणि तो ठेवून घेऊ पाहणाऱ्याच्या कानीकपाळी सगळा विभाग ओरडत राहतो. एरवी प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. क्रिकेटप्रमाणे तो परत द्यावा लागत नाही. तरुण मंडळींनी इथे जरूर बसावे, पण आजी-आजोबांना दुपारभर या उन्हात बसवू नये.

ज्या १९३७ साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले, त्याच साली बिल व्हेक या तरुण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इथल्या विटांच्या भिंतीवर वेली लावण्यात आल्या आणि धावफलकही उभा राहिला. वेलींना खेळाच्या नियमांत स्थान आहे. जोरात मारलेला चेंडू कधीकधी पानांत घुसतो आणि अडकून बसतो. अशा वेळी क्षेत्ररक्षक भिंतीपाशी थांबून दोन्ही हात वर करतो. पंच धावत जाऊन पाहतो आणि चेंडू खरोखर अडकला असेल तर फलंदाजाला दुसऱ्या बेसवर (धाव पूर्ण करण्यासाठी गाठायच्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्यावर) थांबवतो. मात्र क्षेत्ररक्षकाने हात वर न करता पानांत चाचपायला सुरुवात केली, तर खेळ चालूच राहतो आणि चेंडू सापडेपर्यंत फलंदाज पळत सुटतो. म्हणून चेंडू भिंतीकडे गेला की चेंडूऐवजी क्षेत्ररक्षकाच्या हातांकडे पाहावे. भिंतीच्या माथ्यावर तारेची जाळी बाहेर आलेली दिसेल. प्रेक्षकांनी भिंतीवरून मैदानात उतरू नये म्हणून ती १९७० साली बसवली गेली, पण तिच्यात पडलेला चेंडूही होम रन ठरतो.

वाऱ्याची दिशा सामना सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवावी; त्यासाठी धावफलकावरचे झेंडे पुरेसे आहेत. वारा तळ्याकडून आत येत असेल तर उत्तम मारलेले फटकेही हवेत अडून झेल होतात, आणि धावांचा दुष्काळ पडतो. वारा बाहेर वाहत असेल तर साधे फटके भिंत ओलांडतात. १७ मे १९७९ रोजी अशाच वाऱ्यात फिलाडेल्फियाने कब्सना २३ विरुद्ध २२ असे हरवले, आणि बेसबॉलमध्ये हा आकडा किती अचाट आहे हे समजण्यासाठी, बहुतेक सामन्यांत एक संघ चार-पाच धावाच करतो, एवढे सांगणे पुरे.

तेच झेंडे आणखी एक माहिती देतात. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीग या विभागातल्या संघांचे हे झेंडे त्या त्या गटातील त्या दिवशीच्या क्रमवारीनुसार लावलेले असतात. खालचा धावफलक अजूनही माणसे हाताने चालवतात: फलकाच्या आतून ती आकड्यांच्या पाट्या बदलतात, आणि दुर्बीण नेली तर एखाद्या रिकाम्या चौकोनातून बाहेर डोकावणारा चेहराही दिसतो. इतक्या वर्षांत बॅटने मारलेला एकही चेंडू या फलकाला लागलेला नाही. १९५१ साली सॅम स्नीड या गोल्फपटूने मात्र होम प्लेटपासून गोल्फचा चेंडू मारून तो गाठला होता. २०१५ साली मोठे व्हिडिओ पडदे आले आणि पुनर्प्रक्षेपणाची सोय झाली. मला ते खटकतात, पण नवख्या प्रेक्षकाला त्यांचा उपयोग होतो हेही खरे.

खेळ समजण्यासाठी क्रिकेट जाणणाऱ्याला फार सायास पडत नाहीत. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. पाहुणा संघ नेहमी आधी फलंदाजी करतो. तीन स्ट्राइक (मारताना हुकलेले किंवा कक्षेत असूनही सोडून दिलेले चेंडू) झाल्यास फलंदाज बाद, आणि चार चेंडू कक्षेबाहेर पडल्यास त्याला पहिला बेस फुकट. लक्ष टिकवण्याचा उत्तम उपाय म्हणजे धावपत्रिका (स्कोअरकार्ड) आणि पेन्सिल घेऊन सामना स्वतः लिहिणे. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर (फलंदाजामागे बसणारा) २, पहिला, दुसरा आणि तिसरा बेसमन अनुक्रमे ३, ४ आणि ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा) ६, तर दूरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे आणि तिथून तो पहिल्या बेसकडे गेला व दोघे बाद झाले, तर ६-४-३ एवढेच लिहायचे. दोन डाव लिहून झाले की पडद्याची गरज उरत नाही. दोन चेंडूंमधल्या वेळेवर २०२३ पासून घड्याळाचे बंधन आल्याने सामने आता बहुधा तीन तासांच्या आत संपतात; लिहिताना मान फार वेळ खाली घालू नये, कारण प्रेक्षकांसमोरची संरक्षक जाळी जिथे संपते त्यापलीकडच्या जागांवर रेषेबाहेर गेलेला चेंडू सुसाट येतो.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उभे राहतात. हॅरी कॅरे हे समालोचक आपल्या कक्षातून बाहेर झुकून १९०८ सालचे एक जुने बेसबॉल-गीत मनसोक्त बेसूर गात आणि सगळ्या मैदानाला गायला लावत. १९९८ साली ते गेल्यापासून बहुधा कोणी ना कोणी पाहुणा हे काम करतो. शब्द येत नसले तरी उभे राहावेच.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने फार अपेक्षा ठेवू नयेत. शेंगा, पॉपकॉर्न आणि प्रेट्झेल यांवर वेळ निभावते. हॉट डॉग घेणाऱ्याने मोहरीची चटणी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि तिखट मिरच्या घातलेला शिकागो पद्धतीचा घ्यावा आणि त्यावर केचप मागू नये. शिकागोकर ते मनाला लावून घेतात. बाहेरचे पदार्थ आणि पिशव्या यांचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संघाच्या संकेतस्थळावर ते तपासावेत. तिकीट फोनवर असते आणि आत रोख पैसे चालत नाहीत, तेव्हा फोन पुरेसा चार्ज केलेला असावा. बिअर घेताना वयाचा पुरावा मागतात, त्यामुळे पासपोर्ट किंवा परवाना जवळ ठेवावा.

मोटार नेऊ नये. भोवताली दाट वस्ती आहे, वाहनतळ कमी व महाग आहेत, आणि शहरी रेल्वेच्या रेड लाइनचे अ‍ॅडिसन स्थानक मैदानापासून एका चौकाच्या अंतरावर आहे. ओहेअर विमानतळाकडून येणाऱ्याने ब्लू लाइनने जॅक्सनपर्यंत येऊन तिथे गाडी बदलावी. तासभर आधी पोहोचल्यास पश्चिमेच्या चौकातले अर्नी बँक्स आणि इतर खेळाडूंचे पुतळे पाहून होतात, आणि वेव्हलँड रस्त्यावर हातमोजे घालून, भिंतीपलीकडून येणाऱ्या चेंडूची वाट पाहत उभे असलेले हौशी लोकही भेटतात. पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बांधलेली बाके हा आता पैसे मोजून घ्यायचा स्वतंत्र अनुभव आहे. पहिल्या भेटीसाठी तो नको.

सामना संपताच बाहेर धावू नये. धावफलकावर, कब्स जिंकले असतील तर निळ्या डब्ल्यू अक्षराचा पांढरा झेंडा, हरले असतील तर पांढऱ्या एल अक्षराचा निळा झेंडा चढतो, आणि रेल्वेने घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा ही त्यामागची जुनी सोय आहे. तो पाहून होईपर्यंत जिन्यांवरची गर्दी थोडी ओसरते. अ‍ॅडिसन स्थानकात मात्र त्यानंतरही बराच वेळ रांग असते. चालण्याची तयारी असेल तर दक्षिणेला साधारण अर्ध्या मैलावरच्या बेलमाँट स्थानकात जावे. तिथे रेड लाइनखेरीज ब्राउन लाइनही थांबते.