सीओपीडी असताना जिना कसा चढायचा

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांना मी आधी श्वास सोडायला शिकवते. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारात, जुनी हवा फुप्फुसांत अडकून राहते, त्यामुळे नवी हवा आत घ्यायला जागाच उरत नाही. नाकाने २ अंक मोजत श्वास घ्या; मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून ४ अंक मोजत सोडा. जोर लावू नका.

आता जिना. कठडा धरा. उभ्या उभ्या श्वास घ्या, सोडता सोडता एक-दोन पायऱ्या चढा, थांबा. बरेच काका श्वास कोंडून तरातरा चढतात आणि वर पोचेपर्यंत कासावीस होतात. कुणी मागून येत असेल तर त्याला खुशाल पुढे जाऊ द्या. एक वाक्यही सलग बोलता येईना, तर कठड्यावर हात टेकून पुढे झुका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर बसा आणि डॉक्टरांना कळवा.