चैत्रात गळ टाकायला निघण्यापूर्वी

गेल्या वर्षी होळीच्या आसपास, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढे असलेल्या एका तलावावर, बाभळीच्या दोन खोडांमधल्या कोपऱ्यात बसून मी एका सकाळी चार रोहू काढले होते. पाच आठवड्यांनी मेव्हण्याला सोबत घेऊन त्याच जागी, त्याच आमिषाने आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बुचापासून गळापर्यंत तेच सात फूट अंतर ठेवून बसलो, तेव्हा सहा तासांत एकही मासा लागला नाही. बूच सारखे आडवे पडत होते आणि त्याचा दोष मी वाऱ्याला देत होतो. नऊच्या सुमारास काठाने चाललेले एक वृद्ध ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे गृहस्थ, थांबले, धोतर खोचून आमच्या बुचापर्यंत चालत गेले आणि तिथे उभे राहिले. पाणी त्यांच्या मांडीपर्यंतसुद्धा पोहोचले नाही. "पाणी सरकलं न बाप्पा, तुमी तं होळीच्याच जागेवर बसले," एवढेच म्हणून ते पुढे गेले. खोली मोजण्याची दोरी त्या दिवशी माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. म्हणून ही यादी त्या दोरीपासून सुरू होते आणि मधे मधे तिच्याकडेच परत येईल, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये.

काठी, रीळ, तंगूस, वेगवेगळ्या आकारांचे गळ, शिसे, बूच आणि हातजाळे या वस्तूंविषयी सांगण्याची गरज नसावी. ज्याला तेही आठवत नाही, त्याने घरीच थांबलेले बरे.

दोरी मात्र निघण्याच्या आठवडाभर आधी तयार करावी, आदल्या रात्री नव्हे. काठावरून नुसते वजन बांधून दोरी फेकली तर ती पाण्यात तिरकी पडते आणि आपण अंतरालाच खोली समजतो. त्यासाठी सुमारे साठ-सत्तर ग्रॅमच्या शिशाला एक गुळगुळीत कडी बसवावी, दोरीचे टोक त्या कडीतून ओवून घ्यावे आणि त्या टोकाला चांगले तरंगणारे मोठे बूच बांधावे. हे सगळे पाण्यात फेकल्यावर शिसे तळाला बसते; मग दोरी ताणली की बूच पाण्याखाली ओढले जाऊन शिशाला टेकते. तिथून एकेक फूट दोरी सैल सोडत जावे आणि बूच पाण्यावर दिसेपर्यंत जितके फूट सोडले, तितकी त्या ठिकाणची खोली समजावी. फुटाफुटाच्या खुणा करण्यासाठी गाठी मारू नयेत, कारण गाठ कडीत अडकते आणि मग सगळे मोजमाप खोटे ठरते. घरातली नेलपॉलिश वापरावी आणि दर पाचव्या फुटाला रंग बदलावा. शिशाच्या बुडाला थोडे मऊ मेण चोपडले तर तळाचा गाळ, वाळू किंवा बारीक खडा त्याला चिकटून वर येतो आणि तळ कसा आहे तेही कळते. एवढ्या खटाटोपाचे कारण असे की मार्च ते मे या काळात आपल्याकडच्या तलावांत कोणतीही खोली महिनाभर टिकत नाही. सिंचनासाठी आणि पिण्यासाठी पाणी सोडले जाते, उरलेले ऊन ओढून घेते आणि उताराचा काठ दर आठवड्याला कित्येक पावले मागे जातो. मागच्या खेपेला जिथे गळ टाकला होता, तिथे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कोणी काकडी लावलेली दिसली तरी नवल वाटू नये.

आता मासा कुठे जातो ते पाहू, कारण त्याशिवाय दोरीचा उपयोग कळणार नाही. फेब्रुवारीत रात्री गार असतात, तेव्हा सकाळच्या उन्हाने आधी तापणाऱ्या उथळ कडेला मासा येतो आणि आपल्याला वाटते की ती कडच त्याचे घर आहे. एप्रिलमध्ये नागपुरात पारा चाळिशीच्या पलीकडे गेला की तीच कड दुपारी चुलीवर ठेवलेल्या भगुण्यासारखी होते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.५. त्याच वेळी पाण्याबरोबर माशाचे शरीरही तापते आणि त्याला लागणारा प्राणवायू वाढतो. या दोन्ही बाजूंनी होणाऱ्या कोंडीमुळे मासा उथळ कड सोडतो, पण तो सरळ तळाला जातो असे समजणे ही दुसरी चूक आहे आणि तीही मी केलेली आहे. वरचे तापलेले पाणी हलके होऊन खालच्या गार पाण्यावर तरंगत राहते. आपल्याकडच्या तापमानाला एका अंशाच्या फरकानेसुद्धा पाण्याच्या घनतेत पडणारे अंतर थंड प्रदेशातल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते, त्यामुळे वारा पडलेला असेल तर हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू खाऊन टाकतो. वर उष्णता आणि खाली गुदमर, म्हणून खोल तलावात मासा पुष्कळदा मधल्या थरात अधांतरी उभा असतो. ज्याने आपला गळ वीस फुटांवर तळाला नेऊन ठेवला, तो माशाच्या पायाखाली गळ टाकून बसला आहे असे समजावे. माशाला पाय नसतात हे मला ठाऊक आहे.

या कारणाने खोली कळल्यावर लगेच तळ गाठू नये. बारा-पंधरा फूट पाणी असेल तर आधी अर्ध्यावर गळ ठेवावा आणि दर वीस मिनिटांनी एकेक फुटाने वरखाली करावे. कोणता मासा हवा यावरही खोली ठरते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो आणि संध्याकाळी वर चढतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाचे चरतो, पण तळ गुदमरलेला असेल तर तोही वर सरकतो. जागा शोधताना बुडालेल्या जुन्या नाल्याचे किंवा नदीचे मूळ पात्र, धरणाच्या भिंतीवर रचलेले दगड (पिचिंग), बुडालेली झाडे आणि दुपारनंतर सावली पडणारी कड ही ठिकाणे आधी पाहावीत. त्या दिवशी मासे कुठे होते ते नंतर कळले: आमच्या जागेपासून तीस पावलांवर जुन्या नाल्याची खाच होती आणि तिथे अकरा फूट पाणी होते. तीस पावले! दोरी असती तर पाचव्या फेकीत ती खाच सापडली असती. दोरी पिशवीत टाकली का, हे इथे एकदा थांबून पाहावे.

वाऱ्याकडे पुष्कळ लोक दुर्लक्ष करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, तो पृष्ठभागावरचे पाणी आणि त्यातले तरंगते खाद्य पूर्वेच्या काठाकडे ढकलतो, लाटा आपटून तिथे हवाही मिसळते. म्हणून संध्याकाळी तोंडावर वारा घेऊन पूर्वेच्या काठावर बसावे. फेकणे अवघड जाते, डोळ्यांत धूळ जाते, तरीही बसावे.

वेळेबद्दल मिळणारा नेहमीचा सल्ला असा असतो की तांबडे फुटायच्या आत पोहोचावे. स्वच्छ आणि खोल पाण्यासाठी तो योग्य आहे. परंतु शेवाळाने हिरवे झालेल्या किंवा जलपर्णीने वेढलेल्या तलावात वनस्पती रात्रभर प्राणवायू वापरत राहतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी झालेला असतो. अशा पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. ते दृश्य पाहून नवखा माणूस हुरळून जातो, पण धाप लागलेला मासा खात नाही. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर आपला तळवा दिसेनासा झाला तर पाणी हिरवे समजावे आणि सूर्य वर येऊन तास-दीड तास होईपर्यंत डबा उघडून नाश्ता करावा. त्यानंतर साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत, एवढाच वेळ उपयोगाचा आहे. मधल्या दुपारी काठावर बसणे ही हौस नव्हे, आजाराला आमंत्रण आहे.

मरळ या सर्व नियमांना अपवाद आहे. डोक्यातील एका पोकळीच्या साहाय्याने ती थेट हवेतून श्वास घेते, त्यामुळे आटत चाललेल्या, गवताळ, कोमट पाण्यातसुद्धा ती ठाण मांडून राहते आणि ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते. तो बुडबुडा जिथे फुटला, त्याच्या थोडे पुढे जिवंत बेडकी किंवा रबरी बेडूक फेकावा. मात्र पाण्यावर लालसर पिलांचा थवा हालताना दिसला तर त्याखाली राखण करणारे नर-मादी असतात. त्यांना हात लावू नये. आईबाप काढले की तो थवा इतर माशांच्या पोटात जातो.

आमिषाची तयारी आदल्या संध्याकाळी करावी. भुईमुगाची ढेप कुटून, भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठात आणि थोड्या कणकेत घट्ट मळावी आणि गोळा ओल्या कापडात गुंडाळून ठेवावा, नाहीतर आठ वाजेपर्यंत तो आंबतो. गांडुळे प्लास्टिकच्या डबीत नेऊ नयेत, ती उकडून मरतात. छोट्या मडक्यात ओली माती घालून, वरून भिजवलेले गोणपाट बांधून न्यावीत. मासे जमवण्यासाठी पाण्यात टाकायचा चारा थंडीच्या निम्मा ठेवावा, कारण न खाल्लेला चारा कुजतो आणि पाण्यात आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी घटवतो. गोळाही लहान असावा, बोराएवढा पुरे.

यानंतर स्वतःची तयारी. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, डोके व कान झाकणारा दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा सदरा. खिशात कांदा ठेवणाऱ्यांनी तो जरूर ठेवावा, पण पाण्याला पर्याय म्हणून नव्हे. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती हे लक्षात ठेवून मेच्या शेवटी, नवतपाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हा बेत मुळीच करू नये. थर्मामीटर नेणार असाल तर तो आधी घरातल्या दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहावा. २०२४ च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो संवेदकाचा दोष निघाला, तेव्हा आपल्या साठ रुपयांच्या नळीवर किती विश्वास ठेवायचा ते आपणच ठरवावे. दोरीवरच्या खुणांना मात्र असा दोष होत नाही, त्या फक्त घरी राहतात.

आटलेल्या काठाविषयी एक गंभीर इशारा द्यावासा वाटतो. वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसणारा गाळ आतून कमरेइतका मऊ असू शकतो. ते वृद्ध गृहस्थ पाण्यात चालत गेले ते त्यांना तळ ठाऊक होता म्हणून. आपल्याला तो ठाऊक नसतो. पुढे बांबू टोचत चालावे, एकट्याने पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ नये आणि लहान मुलांना तर नेऊच नये. दुपारनंतर पश्चिमेला ढग काळवंडले आणि वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटण्याची चिन्हे दिसली, तर मासा गळाला लागलेला असला तरी काठी खाली ठेवून निघावे. कार्बनच्या काठीतून वीज वाहते आणि उघड्या काठावर सर्वांत उंच वस्तू आपल्या हातातली काठीच असते.

परवानगीचे दोन शब्द: बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे संस्थेला आधी विचारावे, शुल्क द्यावे आणि पावती घ्यावी. तोतलाडोहसारखे व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतले जलाशय यादीतून सरळ वगळावेत.

बाकी थोडक्यात. बर्फ माशांच्या वजनाइतका न्यावा. कमी नेला तर घरी पोहोचेपर्यंत वास सुटतो. लहान मासा ओल्या हाताने धरून लगेच सोडावा. या दिवसांत माद्यांच्या पोटात अंडी भरू लागलेली असतात, तेव्हा मोठी, पोटाने जड मादी सोडून दिली तर उत्तम. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नये, खिशात घालून आणावा. काठी पुसावी, रिळाला तेल द्यावे.

दोरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, शिशाचे मेण खरवडून काढावे आणि ती परत त्या खिळ्याला टांगू नये. मी आता ती पिशवीच्या बंदालाच बांधून ठेवतो.