असर्ट लावून निवांत झोपता का? मग या चुका टाळा

फंक्शनमध्ये शिरताना काय खरं असलं पाहिजे न बाहेर पडताना काय खरं असलं पाहिजे, हे कोडमध्येच लिहायचं आणि प्रोग्राम चालता चालता तपासायचं. ही तपासणीची ओळ म्हणजे असर्ट, अट खोटी निघाली की तिथेच एरर. संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयरने ऐंशीच्या दशकातच आपल्या आयफेल या प्रोग्रामिंग भाषेत हे करून दाखवलं. तरी पोरं त्याच त्या चुका करून राहिली.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे तपासणीच्या ओळीतच काम उरकणं. सांगतो ना, माझंच पाप आहे. कळमन्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी जावामध्ये स्टॉकचं सॉफ्टवेअर केलं होतं. विकलेला क्रेट यादीतून काढायचा, यादीतून काढणारं रिमूव्ह फंक्शन काम झालं की नाही ते खरं-खोटं परत देतेच, तर मी हुशारी करून ती अख्खी ओळ असर्टमध्येच कोंबली, एक ओळ वाचली म्हणून खूश. माझ्या लॅपटॉपवर असर्ट चालू होते, सगळं झकास. दुकानात मात्र साधं जावा, आणि जावात असर्ट मुळात बंदच असतात, प्रोग्राम सुरू करताना '-ईए' हा पर्याय दिल्याशिवाय ती ओळ चालतच नाही. आठवड्याने फोन, "भाऊ, माल तर कालच गेला, अन् हे कॉम्प्युटर म्हणते गोदाम भरलं आहे!" मेच्या उन्हात गाडी काढली, पत्र्याखाली बसून क्रेट मोजले. तेव्हापासून काम वेगळ्या ओळीत, उत्तर व्हेरिएबलमध्ये, असर्ट फक्त ते व्हेरिएबल बघतो, आणि सगळ्या टेस्ट दोनदा, एकदा असर्ट चालू ठेवून, एकदा बंद. पायथॉनवाल्यांनो हसू नका, '-ओ' (कॅपिटल ओ) दिलं की तुमचेही असर्ट उडतात.

म्हणूनच युजरने भरलेला आकडा असर्टने तपासू नका बे, तिथे सरळ इफ लावा न एरर फेका. असर्ट आपल्या चुकांसाठी आहे, गिऱ्हाइकाच्या नाही.

पायथॉनमध्ये असर्टची अट आणि मेसेज एकाच कंसात टाकले की टपल, म्हणजे दोघांची एक जोडी होते, आणि भरलेला टपल पायथॉनला कायम खराच. वॉर्निंग येते, पण वाचते कोण.

फंक्शनच्या आधीची यादी नंतरच्या यादीशी ताडायची तर आधी कॉपी करा, नाहीतर एकाच यादीला दोन नावं होतात न फरक कधी दिसतच नाही.

सबक्लासमध्ये, म्हणजे जुन्या क्लासवरून बनवलेल्या नव्या क्लासमध्ये, फंक्शनमध्ये शिरतानाची अट आणखी कडक करू नका, त्याला बोलावणारा जुना कोड उगाच मरतो.

आणि "जुना कोड आहे, चालतो ना" म्हणणाऱ्यांसाठी: 4 जून 1996, युरोपचं एरियान 5 रॉकेट. आधीच्या एरियान 4 मधून उचललेला कोड, 64 बिटचा आकडा 16 बिटात मावला नाही, चाळीसेक सेकंदांत रॉकेट खलास. मावेल असं का धरलंय, ते कोडमध्ये त्या ओळीपाशी लिहिलेलंच नव्हतं.