बसऱ्याला गेलेल्या शिपायाचे नाव गावात परत कसे आणावे

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत भिंतीत बसवलेली एक जुनी संगमरवरी पाटी दिसते. १९१४-१९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांतली इतकी कामी आली. एवढेच. आकडा आहे, नाव एकाचेही नाही. आणि लढाई थांबल्यावर, १९२० साली इराकच्या बंदोबस्तात जो गेला, तो त्या आकड्यात धरला असेलच असेही नाही. त्याचे नाव शोधायचे तर सुरुवात त्याच्या घरापासून करा.

ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यात बिल्ला असेल तर बाहेर काढा. चिंच-राखेने अजिबात घासू नका. मऊ कापडाने धूळ टिपा आणि बिल्ल्याची कड उजेडात तिरकी धरा. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत असते. नंबर आधी उतरवून घ्या. एका पलटणीत गणपत शिंदे चार निघतील, नंबरावरूनच आपला कोणता ते कळते.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणाऱ्या आयोगाच्या, संकेतस्थळावर शोधा. हा आयोग पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरतो. म्हणजे तहानंतर इराकमधल्या बसऱ्यात तापाने गेलेला शिपाई त्यात येतो. १९४६-४७ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण जपानमध्ये पहाऱ्यावर होती, तिथे कोणी गेला असेल तर तोही येतो. नावाचे स्पेलिंग कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले असते, म्हणून नुसते आडनाव, पलटण आणि साल टाकून पाहा. जिल्हे त्या काळचे घ्या: सिंधुदुर्गाचे गाव रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थानात, रायगडचे कुलाब्यात. मराठा पलटणींवरच थांबू नका, खेचरवाले आणि मजूर तुकड्यांतही आपली माणसे होती.

बसऱ्याच्या स्मारकावरची एक गोष्ट मनाला फार लागते. तिथे ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी शिपाई-हवालदारांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा घातला. २०२१ च्या अहवालात आयोगानेच हा भेद कबूल केला. म्हणून नोंद सापडली नाही तरी हात टेकू नका. पेन्शनचा कागद, बिल्ल्याचे फोटो, पत्रे असा पुरावा जोडून आयोगाकडे नाव पाठवता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

नाव हाती आले की ग्रामसभेत ठराव मांडा. जुन्या पाटीला हात न लावता शेजारी नवी बसवा. तिच्यावर पूर्ण नाव, वडिलांचे नाव, पलटण, तारीख आणि ठिकाण मराठीत असू द्या. मजकूर कोरायला देण्यापूर्वी घरच्यांकडून वाचून घ्या, दगडावरची चूक निघत नाही.

आणि ती तारीख घरच्यांना आवर्जून द्या. तिथी ठाऊक नसल्याने त्याचे पान बहुधा सर्वपित्री अमावास्येलाच वाढले जात असेल. त्या सालचे पंचांग काढून गुरुजींना दाखवा, म्हणजे पुढच्या पितृपक्षात त्याचे पान त्याच्या स्वतःच्या तिथीला वाढता येईल.