घटस्फोटानंतर आयुर्विमा: तडजोडीच्या अटींत काय लिहून घ्यायचं

कोर्टाने घटस्फोट मंजूर केला म्हणून पॉलिसीवरचं नॉमिनेशन आपोआप बदलत नाही. विमा कंपनी तुमचा हुकूमनामा वाचायला बसत नाही, स्वतःच्या नोंदी बघते. म्हणून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात परस्पर संमतीचा अर्ज टाकण्याआधी एका कागदावर दोघांच्या सगळ्या पॉलिसी मांडा: पॉलिसी नंबर, विमा रक्कम, हप्ता, मुदत, नॉमिनी, पॉलिसीवर काढलेलं कर्ज. पोटगीच्या दाव्यात मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा दंडक आहे. तेव्हा ही यादी कधीतरी करावीच लागणार.

माजी पत्नीसाठी विमा ठेवलाच पाहिजे, असं हिंदू विवाह कायदा म्हणत नाही. हे बंधन तडजोडीच्या अटींतून येतं, म्हणजे लिहून घेतलं तरच. लिहून का घ्यायचं? दरमहा मिळणारी पोटगी ही देणाऱ्याच्या कमाईवर उभी असते, तो गेला की कमाईही थांबते, आणि घटस्फोटित पत्नी त्याची कायदेशीर वारस नसते. मुलं असतात, पण वारसाहक्काच्या वाटणीला लागायची तेवढी वर्षं लागतात.

रक्कम अंदाजाने टाकू नका. मूल ९ वर्षांचं, महिना १५,००० रुपये १८ व्या वर्षापर्यंत: १५,००० × १२ × ९ म्हणजे १६,२०,०००. पुढच्या शिक्षणाचे ६ लाख धरले की २२,२०,०००. इथे २५ लाखांचा टर्म प्लॅन पुरतो, मुदत १५ वर्षांची. पॉलिसी घटस्फोटाआधीच हातात असली तर उत्तम, कारण नंतर वैद्यकीय तपासणीत प्रस्ताव अडकला तर अट कागदावरच राहते.

आता खरा प्रश्न: तिचा हक्क पॉलिसीत बसवायचा कसा?

नुसतं नॉमिनेशन सगळ्यात कच्चं. पॉलिसीधारक कुठल्याही दिवशी अर्ज देऊन नाव बदलू शकतो, आणि जुन्या नॉमिनीला कुणी कळवत नाही. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं या नॉमिनींना रकमेवर प्रत्यक्ष हक्क मिळाला. घटस्फोटानंतर ती ‘पत्नी’ उरत नाही, म्हणून इतर वारसांना भांडायला जागा सापडते.

असाइनमेंट, म्हणजे पॉलिसीचे हक्क लिहून देणं, बरंच पक्कं. ती पॉलिसीवरच किंवा वेगळ्या कागदावर होते, देणाऱ्याची आणि किमान एका साक्षीदाराची सही लागते, आणि कंपनीला नोटीस मिळाल्यावरच कंपनीपुरती लागू होते. तेव्हा सर्व्हिसिंग ब्रांचमध्ये (पॉलिसी ज्या शाखेकडे आहे तिथे) अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या आणि नोंद झाल्याचं लेखी पत्र मागा. असाइनमेंट झाली की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं. सगळे हक्क कायमचे द्यायचे नसतील तर सशर्त असाइनमेंट करा: ती आधी वारली किंवा मुदत संपेपर्यंत तो हयात राहिला, तर हक्क त्याच्याकडे परत.

१८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखालची पॉलिसी सर्वात भक्कम, कारण ती ट्रस्ट ठरते. पैसे पतीच्या धनकोंनाही सहसा मिळत नाहीत. पण हे पॉलिसी घेतानाच लिहावं लागतं, चालू पॉलिसीला मागाहून जोडता येत नाही. घटस्फोटित पुरुष मुलांच्या नावे ती घेऊ शकतो, माजी पत्नीच्या नावे नाही. लग्न चालू असताना तिचं नाव लिहून घेतलेली असेल, तर तिच्या संमतीशिवाय ते काढता येत नाही. घटस्फोटाच्या गडबडीत हे पुरुष हमखास विसरतात.

मसुद्यात कलम असं असावं: ‘पती पॉलिसी क्र. ___, विमा रक्कम रु. २५,००,०००, मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत चालू ठेवील. प्रत्येक हप्त्याची पावती ७ दिवसांत पत्नीस पाठवील. पॉलिसीवर कर्ज काढणार नाही. पॉलिसी बंद पडल्यास तेवढ्या रकमेचा बोजा त्याच्या ___ येथील स्थावर मिळकतीवर राहील.’ शेवटची ओळ सोडू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये पोटगीसाठी स्थावरावर बोजा ठेवायची तरतूद आहेच, आणि निफाड-दिंडोरीकडे बागाईत जमीन असेल तर गट नंबर घालाच.

बहुतेक पॉलिसी बुडतात त्या हप्ता चुकल्याने. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस १५, तिमाही, सहामाही, वार्षिकला ३०. म्हणून वार्षिक हप्ता ठरवा. पावती आली नाही तर तिने स्वतः हप्ता भरून त्याच्याकडून वसूल करायची मुभाही कलमात हवी.

मूल अज्ञान असेल तर नॉमिनीसोबत अपॉइंटी, म्हणजे मुलाच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती, नेमा. तो आजोबा की आई, यावर बैठकीत ताणाताण होते. आई नेमणं सोपं पडतं, कारण मुलाचा ताबा सहसा तिच्याकडेच असतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मिळणारा ग्रुप विमा यात धरू नका. नोकरी सुटली की तो संपतो. भविष्यनिर्वाह निधीवरच्या विम्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे आणि तो कुटुंबाच्या व्याख्येनुसार मिळतो. त्यात माजी पत्नी येत नाही, मुलं येतात. तिथलं नॉमिनेशन घटस्फोटानंतर लगेच नव्याने भरायला सांगा.