मलावीच्या खेड्यात सेवेसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती पथकाने तयारी कशी करावी

आफ्रिकेतील मलावी या देशाच्या एखाद्या खेड्यात सेवेसाठी जायचे ठरले की पथकात पहिली चर्चा होते ती सोबत काय न्यावे याची. त्याआधी विचारायला हवे ते असे, की त्या गावाने आपल्याला कशासाठी बोलावले आहे? स्थानिक मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्फुमू म्हणजे गावचे प्रमुख आणि घरोघर फिरणारा सरकारी आरोग्य कर्मचारी या तिघांचे म्हणणे निदान सहा महिने आधी समजून घ्यावे आणि शक्य असल्यास पथकातील एकदोघांनी आधी जाऊन गावकऱ्यांच्या बैठकीत नुसते ऐकत बसावे. गावाला बंद पडलेला हातपंप चालू करून हवा असताना शाळेच्या भिंती रंगवून परतलेले पथक सेवा करून आले, असे मला म्हणवत नाही.

जाण्याचा काळ गावाच्या शेतीकडे पाहून ठरवावा. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि त्या दिवसांत कच्चे रस्ते बंद होतात. जानेवारी-फेब्रुवारीत तर घरातला मका संपत आलेला आणि नवे पीक अजून शेतात असते. अशा वेळी पाहुण्यांच्या पानात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले अन्न, वाढण्यासाठी यजमान स्वतःच्या मुलांचा घास काढून ठेवतील, पण तसे बोलून दाखवणार नाहीत. काढणी उरकल्यानंतरचे जून ते ऑगस्ट हे कोरडे आणि थंड महिने सर्वांनाच सोयीचे पडतात.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. मलावी सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात उतरणे टाळावे, कारण तेथे त्वचेतून शरीरात शिरणारे बिल्हार्झियाचे परजीवी असतात.

काम पाण्याचे असेल तर बहुधा अफ्रीडेव्ह हातपंपाशी गाठ पडेल. खेड्यातल्या माणसांना मोजक्या हत्यारांनी स्वतः दुरुस्त करता यावा, याच हेतूने हा पंप घडवलेला आहे. वरचे झाकण आणि दांडा काढला की आतल्या सळ्या हातांनी वर ओढता येतात. त्या आकडा-कडीने जोडलेल्या असल्यामुळे एकेक सळी बाहेर येताच हातानेच सुटी करता येते. शेवटी दट्ट्या वर येतो आणि त्यावर यू-सील नावाची छोटी रबरी कडी दिसते. तिची कड झिजून गुळगुळीत झाली की पाणी दट्ट्याच्या बाजूने खाली निसटते, आणि बाईने कितीही जोर लावला तरी बादली भरायला दुप्पट वेळ लागतो. कडी बदलायला फार वेळ लागत नाही, म्हणूनच पाना पथकातील तंत्रज्ञाने हाती घेऊ नये. गावातील पाणी समितीच्या सभासदांनी, विशेषतः रोज पाणी भरणाऱ्या स्त्रियांनी, पंप स्वतः उघडावा आणि पुन्हा बसवावा. आपण शेजारी उभे राहून विचारले तेवढे सांगावे. सुटे भाग परदेशातून नेण्यापेक्षा जवळच्या बाजारात क्वाचा, म्हणजे तिथले चलन, मोजून समितीसोबत विकत घ्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी कोणत्या दुकानात जायचे हे तिला ठाऊक असते. बांधकामालाही हाच नियम लावावा. विटा गावकरी स्वतः पाडतात, भाजतात आणि वाळूही आणतात. आपल्या वाट्याला सिमेंट किंवा पत्रे आले तर तेवढेच द्यावे.

वैद्यकीय पथकातील डॉक्टर आणि परिचारिकांनी त्या देशाची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय रुग्ण तपासू नयेत. दान म्हणून नेलेल्या औषधांची मुदत तेथे पोहोचल्यावर निदान एक वर्ष शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. शिबिर जवळच्या दवाखान्याच्या सहकार्यानेच घ्यावे. मलावीत ख्रिस्ती रुग्णालयांचे मोठे जाळे असून रक्तदाबाच्या रुग्णाला दोन आठवड्यांच्या गोळ्या देऊन निघून जाण्यापेक्षा त्याचे नाव तेथील नोंदवहीत लागणे अधिक मोलाचे आहे.

उपासनेत पाहुण्याच्या नम्रतेने बसावे. स्कॉटलंडचे मिशनरी १८७५ मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लियर येथे आले. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या तेथील लोकांनीच आपली मंडळी सांभाळली आहे. प्रवचन स्थानिक पाळकांचे असावे आणि आपल्याला बोलण्यास सांगितले तरच थोडक्यात साक्ष द्यावी. मांगोचीसारख्या भागात याओ समाजातील बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. पंप, औषध किंवा धान्य देताना प्रार्थनेची अट कोणालाही घालू नये, कारण प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले तेव्हा आभार मानायला एकच परत आला, तरी उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही.

स्त्रियांनी कमरेला चितेंजे, म्हणजे तिथले लुंगीसारखे कापड, गुंडाळावे. वडीलधाऱ्यांपुढे किंचित वाकून ‘मुली ब्वांजी’ (कसे आहात?) म्हणावे आणि उत्तर पूर्ण ऐकल्यावरच कामाचे बोलावे. मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि रोख पैसे वैयक्तिकरीत्या कोणाच्याही हातात देऊ नयेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी नवे काहीही हाती घेऊ नये. त्या सकाळी समितीला पंप पुन्हा एकदा पूर्ण उघडून जोडायला सांगावे, आणि पहिली बादली भरेपर्यंत पथकातील कोणीही पुढे होऊ नये.